कांजण्यांतली अंघोळ आणि मेंदूतली गुठळी

सोलापूरच्या पूर्व भागातून एका आईचं पत्र आलं आहे. सोबत डिस्चार्ज कार्डाचा आणि एमआरआयच्या रिपोर्टचा फोटो आहे. पत्र थोडं आखडून देते.

"मी घरी विड्या वळते, मालक टॉवेलच्या कारखान्यात आहेत. मुलगी 8 वर्षांची. दिवाळीनंतर तिला कांजण्या आल्या होत्या, बऱ्या झाल्या. फेब्रुवारीत एका सकाळी दुधाचा पेला तिच्या डाव्या हातातून दोनदा निसटला. मी तिच्यावर ओरडले. दुपारी शाळेतून आली ती पाय ओढत. जवळच्या दवाखान्यात अशक्तपणा म्हणून सलाइन लावलं. संध्याकाळी तोंड वाकडं दिसायला लागलं. शेजारी म्हणाले वारं गेलंय, पारव्याचं रक्त चोळा. रात्री मोठ्या दवाखान्यात नेलं, दुसऱ्या दिवशी एमआरआय झाला, मेंदूचा झटका म्हणाले. आता ती चालते, पण डाव्या हाताची मूठ उघडत नाही. पुण्याच्या भाच्याने व्हिडिओ पाठवलाय, त्यात तार घालून मेंदूतली गुठळी काढतात आणि माणूस लगेच हात हलवतो. आमच्या पोरीची का नाही काढली? त्याच दिवशी पुण्याला नेलं असतं तर हात वाचला असता का? आता काढता येईल का? सासूबाई म्हणतात, कांजण्यांत मी तिच्या डोक्यावरून पाणी घातलं म्हणून वारं गेलं. मला झोप लागत नाही. धाकटा 3 वर्षांचा आहे, त्याचीही भीती वाटते."

ताई, नमस्कार.

आधी पाण्याचं बोलू. तुमचा सगळ्यात मोठा प्रश्न तोच आहे, तुम्ही तो शेवटी लिहिलात तरी.

डोक्यावरून पाणी घातल्यामुळे तुमच्या मुलीला झटका आलेला नाही. कांजण्यांत अंघोळ घातल्याने कुणालाच असा झटका येत नाही. उलट अंग स्वच्छ राहिलं की फोड चिघळत नाहीत. देवी आली, पाणी घालू नका, तेल लावू नका, हे आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या चालत आलं. सासूबाई कुणाचं वाईट चिंतून बोलत नसतील, त्यांनाही कुणीतरी तेच शिकवलं आहे. पण हे खरं नाही. त्यांना हे पत्र वाचून दाखवा.

मात्र कांजण्यांचा आणि या झटक्याचा संबंध आहे. कांजण्यांचा विषाणू फोड सुकल्यावर शरीरातून जात नाही, नसांच्या मुळाशी दडून राहतो. फार थोड्या मुलांत तो तिथून मेंदूच्या रक्तवाहिनीच्या भिंतीपर्यंत जातो आणि ती भिंत सुजते. कांजण्या बऱ्या झाल्यावर काही आठवड्यांपासून वर्षभरापर्यंत हे कधीही होऊ शकतं. तुमच्या कार्डावर तसंच लिहिलं आहे: उजव्या बाजूची, मेंदूत खोल रक्त नेणारी धमनी एका ठिकाणी अरुंद झालेली, भिंतीला सूज, आणि तिच्या पुढचा छोटा भाग रक्तावाचून मेलेला. मेंदूची उजवी बाजू शरीराची डावी बाजू चालवते, म्हणून हात डावा गेला.

आता व्हिडिओ. भाच्याने पाठवलेली गोष्ट खोटी नाही. त्यात डोकं उघडत नाहीत. जांघेतल्या धमनीत सुई घालून एक बारीक नळी सरकवतात. ती पोटातल्या मोठ्या धमनीतून वर, छातीतून मानेत आणि मानेतून मेंदूच्या धमनीपर्यंत नेतात. हे सगळं एक्स-रेच्या पडद्यावर बघत चाललेलं असतं. मुलांना त्यासाठी पूर्ण भूल देतात. गुठळीपाशी पोहोचल्यावर नळीतून बारीक तारेची जाळी उघडतात, गुठळी जाळीत गुंतते, मग जाळी गुठळीसकट ओढून घेतात. काही वेळा नुसत्या नळीनेच गुठळी शोषून घेतात. रक्त पुन्हा वाहू लागलं आणि मेंदूचा तो भाग अजून मेलेला नसला, तर माणूस टेबलावरच हात हलवतो. हे खरोखर घडतं.

मोठ्यांमध्ये ही पद्धत 2015 पासून पक्की झाली. त्या एका वर्षात पाच वेगवेगळ्या चाचण्यांचे निकाल आले आणि पाचही तिच्या बाजूने होते. तेव्हा मर्यादा साधारण 6 तासांची मानत. 2018 मध्ये आणखी दोन चाचण्यांनी दाखवलं की स्कॅनमध्ये वाचवण्याजोगा मेंदू दिसत असेल, तर निवडक रुग्णांत 24 तासांपर्यंतही फायदा होतो. पण या चाचण्यांत लहान मुलं नव्हती.

मुलांवर तशी चाचणी करणं फार अवघड असतं. गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनची मुलांवर चाचणी करायचा प्रयत्न अमेरिकेत झाला, ती 2013 मध्ये बंद करावी लागली, कारण पुरेशी मुलं वेळेत मिळेनात. मुलांचा झटका लोकांच्या लक्षातच येत नाही. घरच्यांच्या येत नाही, आणि बरेचदा आम्हा डॉक्टरांच्याही येत नाही. लहान पोराला लकवा कसा मारेल, असंच सगळ्यांना वाटतं. तुमच्या मुलीला सलाइन लागलं ते याच समजुतीमुळे. मी बालरोगतज्ज्ञ आहे, म्हणून हे जास्त जड मनाने लिहिते आहे.

तरी तारेने गुठळी काढलेल्या मुलांच्या नोंदी गोळा होत गेल्या. युरोप-अमेरिकेतल्या 27 रुग्णालयांनी 2000 ते 2018 या काळातल्या अशा 73 मुलांच्या नोंदी एकत्र करून 2020 मध्ये छापल्या. त्यांतली अर्धी मुलं 11 वर्षांच्या पुढची होती. झटक्याची तीव्रता मोजायचे जे गुण असतात, ते दाखल होताना मधोमधच्या मुलाचे 14 होते आणि सातव्या दिवशी 4. म्हणजे हातपाय गेलेलं, बोलता न येणारं मूल एका आठवड्यात बरंचसं सावरलेलं. त्यानंतर 2024 मध्ये आणखी मोठ्या नोंदी आल्या. 208 मुलांपैकी 117 जणांची गुठळी तारेने काढली होती, 91 जणांना नुसती औषधं दिली होती. तीन महिन्यांनी गुठळी काढलेली मुलं जास्त बरी होती. चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडलेली ही चाचणी नाही, त्यामुळे तिच्यावर डोळे मिटून शिक्का मारता येत नाही. पण मोठी धमनी गुठळीने बंद झाली आहे आणि मूल वेळेत आलं आहे, अशा वेळी आज मी माझ्या स्वतःच्या नातवासाठी हेच मागेन.

मग तुमच्या मुलीची का नाही काढली?

आपल्याला पाण्याची गोष्ट लगेच कळते. उजनीच्या पाइपात कुठे बोळा अडकला, तर तो ओढून काढला की पाणी सुरू. पण पाइपच आतून सुजून चेपला असेल, तर तिथे काढायला काय आहे? वर तार घालून ओढाओढ केली तर पाइप फुटायचा. हृदयातून सुटून आलेली गुठळी चांगल्या धमनीत येऊन अडकते, ती धमनी तारेचा ओढा सोसते. तुमच्या मुलीची धमनी स्वतःच आजारी होती. सुजलेल्या भिंतीवरून जाळी ओढली तर धमनी आणखी आकसते, आतून चिरू शकते, रक्तस्राव होऊ शकतो. म्हणून अशा मुलांत डॉक्टर बहुतेक वेळा तार घालत नाहीत. शिवाय रिपोर्टात मोठी धमनी पूर्ण बंद झाल्याचं नाही, आतली छोटी फांदी गेल्याचं आहे. तिथवर तार नेतही नाहीत. मी तिचे स्कॅन स्वतः पाहिलेले नाहीत, रिपोर्ट वाचून लिहिते आहे. पण त्या कागदावर जे आहे त्यावरून पुण्यातल्या कुठल्याही मोठ्या रुग्णालयानेही तिची गुठळी काढायला घेतली नसती, असंच मला वाटतं.

त्यामुळे तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं माझं उत्तर असं: त्याच दिवशी पुण्याला पोहोचला असतात तरी तार घातली गेली नसती आणि मेलेला तेवढा भाग बहुधा वाचला नसता. लवकर पोहोचण्याचा उपयोग काहीच नव्हता असंही मी म्हणणार नाही. ते खोटं होईल आणि उद्या ते तुमच्याच अंगावर येईल. लवकर दाखल झालं की अंगातलं पाणी, रक्तदाब, साखर, ताप यांवर नजर राहते, रक्त पातळ ठेवणारं औषध लवकर सुरू होतं, दुसरा झटका टळण्याची शक्यता वाढते. पण पेला निसटला तेव्हा तुम्ही ओरडलात, आणि रात्री तिला उचलून मोठ्या दवाखान्यात नेणाऱ्याही तुम्हीच. मधल्या वेळात ज्यांनी ओळखायला हवं होतं, ते शिकलेले लोक होते.

एका मुलाबद्दल सांगते, म्हणजे फरक कळेल. मी शिकत होते तेव्हाची गोष्ट. पंढरपूरकडच्या खेड्यातला 13 वर्षांचा मुलगा. लहानपणी सांधे सुजून ताप यायचा, त्यात हृदयाची झडप खराब झालेली. शाळेच्या मैदानावर पडला, उजवी बाजू गेली, वाचाही गेली. वडील त्याला जीपमध्ये घालून घेऊन आले. त्यांनी तळहातावर बॉलपेनने वेळ लिहून आणली होती: 10.20. मास्तरांनी सांगितलं होतं की डॉक्टर वेळ विचारतील. अवघ्या दोन तासांत पोहोचले होते ते. आज अशा मुलासाठी तार घालता येते, तो अगदी त्यासाठीच बनलेला रुग्ण होता: हृदयातून आलेली गुठळी, मोठी धमनी, वेळेत आलेलं मूल. तेव्हा आमच्याकडे त्यातलं काहीच नव्हतं. वडील तो तळहात पुढे करून उभे होते आणि मी केसपेपरवर वेळ उतरवून घेतली, पुढे करण्यासारखं काही नव्हतं. तो मुलगा वाचला, पण पुन्हा नीट बोलला नाही. हृदयाचा जन्मजात दोष, झडपेचा आजार, हृदयाचे कमजोर स्नायू असलेली मुलं ज्यांच्या घरी आहेत, त्यांनी या पत्रातला तारेचा भाग दोनदा वाचावा. तो त्यांच्यासाठी जास्त आहे. अशी काही मुलं रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांवर असतात आणि त्यामुळे गुठळी विरघळवणारं इंजेक्शन देता येत नाही, तेव्हाही तारेचा मार्ग उघडा असू शकतो.

आता गुठळी काढता येईल का? नाही. मेंदूचा तो भाग गेला आहे, आता धमनी उघडून तो परत येणार नाही. कुणी पैसे घेऊन "अजून काढून देतो" म्हणालं तर त्याच्या दारात जाऊ नका. पारव्याचं रक्तही नको. त्याने काही होत नाही, पक्षी तेवढा जातो.

मात्र त्या धमनीवर लक्ष ठेवायचं आहे, आणि हे काम मोठं आहे. अशी सूज पहिल्या काही आठवड्यांत वाढू शकते, पुढे बहुतेक मुलांत ती थांबते आणि धमनी स्थिरावते किंवा सुधारते. पण अरुंदपणा वाढतच गेला किंवा दुसऱ्या बाजूलाही दिसला, तर तो वेगळा आजार असू शकतो, त्याचं ऑपरेशन वेगळं असतं. म्हणून कार्डावर पुन्हा एमआर अँजिओग्राफी, म्हणजे रक्तवाहिन्यांचा एमआरआय, करायला जी तारीख दिली आहे, ती चुकवू नका. मुलगी चालायला लागली, आता कशाला, असं घरात कुणीतरी म्हणेलच. तरी जा. अ‍ॅस्पिरिनची छोटी गोळी आपल्या मनाने बंद करू नका. फक्त तिला फ्लूसारखा ताप आला, किंवा घरात कुणाला कांजण्या आल्या, तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. अशा विषाणूंच्या तापात मुलांना अ‍ॅस्पिरिन चालू ठेवायची का, हे त्यांनीच ठरवायचं असतं. ती अ‍ॅस्पिरिनवर आहे तोवर दरवर्षी फ्लूची लस द्यायची का, हेही विचारून घ्या.

आणि पुन्हा झटका आला तर काय करायचं, हे आजच ठरवून ठेवा. रात्री दोन वाजता डोकं चालत नाही. एका कागदावर लिहून फ्रिजवर किंवा देव्हाऱ्याशेजारी चिकटवा. एका बाजूचा हात किंवा पाय अचानक ढिला पडणं, तोंड वाकडं होणं, बोबडं बोलणं किंवा बोलणंच बंद होणं, एकाएकी न दिसणं, तोल जाणं, कधी नव्हे एवढं डोकं दुखून उलट्या होणं, शरीराची एकच बाजू झटके देणं. मुलांमध्ये झटक्याची सुरुवात आकडीने होण्याचं प्रमाण मोठ्यांपेक्षा जास्त असतं. आकडी थांबल्यावर हात लुळा राहिला तर "आकडीनंतर होतं असं" म्हणून घरी थांबू नका. बऱ्याचदा ते खरंच तेवढंच असतं, अर्धशिशीतही असं होतं, साखर उतरली तरी होतं. पण हे एमआरआयने ठरवायचं, अंदाजाने नाही. कांदा हुंगवू नका, चप्पल तर नकोच. तोंडात पाणी, दूध, साखर काही घालू नका, ठसका लागून छातीत जाईल. कुशीवर झोपवा, वेळ लिहा, 108 ला फोन करा. शेवटची नीट कधी दिसली होती, ती वेळ लिहायची. झोपेतून उठल्यावर दिसलं असेल तर झोपताना ती कशी होती, हे सांगायचं.

दवाखान्यात पोहोचल्यावर "अशक्तपणा आलाय" म्हणू नका. पहिलंच वाक्य असं म्हणा: "हिला आधी मेंदूचा झटका आलाय, आता पुन्हा आलाय असं वाटतं, इतके वाजता सुरू झालं." फाइल प्लास्टिकच्या पिशवीत दाराजवळ ठेवा. स्कॅनचे फोटो दोघांच्याही मोबाइलमध्ये असू द्या.

कुठे जायचं तेही आधी विचारून ठेवा. पुढच्या तपासणीला जाल तेव्हा मेंदूच्या डॉक्टरांना सरळ विचारा: सोलापुरात रात्री एमआरआय कुठे चालू असतो, मुलांना भूल देणारे डॉक्टर कुठे आहेत, मेंदूच्या धमनीत नळी घालण्याचं काम करणारे डॉक्टर आणि ते जिथे करतात ती कॅथलॅब कुठे आहे? इथे होणार नसेल तर पुण्याला की हैदराबादला, कुणाला फोन करून निघायचं? पुणे अडीचशे किलोमीटर, हैदराबाद तीनशेच्या वर. टेंभुर्णीपर्यंत जाऊन चौकशी करत बसण्याचा हा प्रवास नाही. आधी इथे स्कॅन, मग तिथल्या डॉक्टरांना मोबाइलवर चित्रं पाठवून निघायचं, असाच क्रम बहुतेकदा असतो. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत काय बसतं आणि काय नाही, हेही रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधीच विचारा. रेशनकार्ड आणि आधार त्याच पिशवीत ठेवा.

मूठ उघडत नाही, असं तुम्ही लिहिलंत. तिथे अजून खूप काही करण्यासारखं आहे, आणि तार नसली तरी तेही उपचारच आहेत. लहान मेंदू मोठ्यांपेक्षा जास्त शिकतो, पण आपोआप नाही, त्याला रोज काम द्यावं लागतं. मुलं हुशार असतात, चांगल्या हाताने सगळं उरकतात आणि वाईट हात विसरून जातात. म्हणून फिजिओथेरपिस्टच्या सांगण्यावरून दिवसातला काही वेळ उजव्या हातात मोजा घालून तो बांधतात आणि डाव्यालाच काम करायला लावतात. आठवड्यातून दोनदा दवाखान्यात जाऊन हे भागत नाही, घरात चालायला हवं. ताटात मूठभर भाजलेल्या शेंगा घ्या. डाव्या हाताने एक शेंग धरायची, टरफल फुटायला हवं. पहिल्या दिवशी फुटणार नाही, ती रडेल, शेंग भिंतीवर मारेल. मग तुम्ही टरफलाला आधी बारीक चीर पाडून द्या, अर्धं काम तुमचं, अर्धं तिचं. भाकरीच्या पिठाचा गोळा दाबणं, मालकांनी आणलेल्या टॉवेलच्या तुकड्याची घडी घालणं, हे सगळं चालेल. विड्या मात्र नको, तंबाखूपासून तिला दूरच ठेवा. मूठ ताठत चालली तर रात्री लावायचा स्प्लिंट, म्हणजे हात सरळ धरून ठेवणारा आधार, असतो, स्नायू ढिला करणारं इंजेक्शन असतं, त्याबद्दल विचारा. शाळेतल्या बाईंनाही भेटा. हात दिसतो, पण लक्ष लागणं, पटकन दमणं हे दिसत नाही, आणि मग पोर आळशी ठरतं.

धाकट्याचं. हा आजार बहिणीकडून भावाला लागत नाही आणि तो घराण्यातला आहे असंही रिपोर्टात काही दिसत नाही. त्याला कांजण्या अजून आल्या नसतील तर लस देता येते, दोन डोस. सरकारी लसीकरणात ती नाही, बाहेर पैसे देऊन घ्यावी लागते. तुमच्या कमाईत ते जड आहे, हे मला कळतं. तरी शक्य असेल तर पुढच्या दोन-तीन महिन्यांत पैसे बाजूला काढून पहिला डोस द्या. त्याला आधीच कांजण्या येऊन गेल्या असतील तर लसीची गरज नाही.

दुसरी एमआर अँजिओग्राफी झाली की रिपोर्टाचा फोटो मला पाठवा. आणि शेंग फुटली की तेही कळवा.